खडवलीची माउली

"साहेब, जांभळा शर्ट. नवऱ्या मुलाचा मामा, दिव्याचा. गुडघा बदललाय. उजवा."

हे सगळं तानाजी मढवीनं ओठ न हलवता सांगितलं. दाजीसाहेब फणसे दोन पावलं पुढे झाले, त्यांनी जांभळ्या शर्टाला उराशी धरलं आणि डीजेच्या वर आवाज चढवून म्हणाले, "काय मामा! उजवा पाय सांभाळून हां. नाचायचं तर डाव्यावर नाचा!"

मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. राज्याचा मंत्री, आणि त्याला आपला गुडघा ठाऊक. तोही उजवा! मामा आता पुढची दहा वर्षं हे सांगत सुटणार आणि निवडणुकीला आपली पाच घरं घेऊन उतरणार, हे तानाजीला तिथल्या तिथं दिसलं.

"हिरवं लुगडं?" साहेबांनी मान न वळवता विचारलं.

"आजी. मालू नाव. गणपतीत पडली होती."

"मालूआजी! गणपतीनंतर भेटच नाही आपली. आता पडायचं नाही हां, आता नातसुनेला पाडायचं!"

मांडव हसला. साहेबांनी मुलाच्या गालाला हळद लावली, शाल घेतली, फोटो दिला आणि सहाव्या मिनिटाला गाडी पुढच्या मांडवाकडे निघाली. त्या संध्याकाळी अजून अकरा हळदी बाकी होत्या.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गावठाणांत पुढारी लग्नाला आला नाही तर कोणी मनाला लावून घेत नाही. पण हळदीला तो यावाच लागतो. आला नाही तर लग्न अडत नाही, फक्त मुलाच्या बापाची मान पुढच्या पाच वर्षांसाठी खाली जाते, आणि खाली गेलेली मान मतदानाच्या दिवशी बरोबर वर येते. हे गणित साहेबांना नगरसेवक असतानाच कळलं होतं. संध्याकाळी हळदी, सकाळी खाडीवर दशक्रिया, अधेमधे बारसं, ऑपरेशन, घरभरणी. एका लगीनसराईत साडेतीनशे मांडव. आणि प्रत्येक मांडवात साहेबांना माणसांची नावं पाठ, दुखणी पाठ, मुलं कुठं कामाला ती पाठ. वर्तमानपत्रं लिहायची, "दाजीसाहेबांची दांडगी स्मरणशक्ती." विरोधकसुद्धा खासगीत म्हणायचे, काही म्हणा, माणूस विसरत नाही.

ही दांडगी स्मरणशक्ती साहेबांच्या डाव्या खांद्यामागे, अर्ध्या हातावर, खाकी सफारीत उभी असायची. सरकारी कागदावर तानाजीचा हुद्दा होता 'वाहनव्यवस्था सहायक'. त्यानं आयुष्यात सायकलीखेरीज काही चालवलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षं तो फक्त माणसं लक्षात ठेवत आला होता, दुसऱ्याच्या वतीनं.

टेंभी नाक्याच्या एका वकिलाकडे कारकुनी करणारे दाजी फणसे नगरसेवक झाले, मग सभापती, आमदार, राज्यमंत्री, आणि आता तिसऱ्यांदा कॅबिनेट. पक्ष दोनदा बदलले, खाती सहा. बदललं नाही ते एकच, त्यांचं माउलीचं भाषण.

शहाऐंशी साली खाडीकाठच्या जमिनींसाठी आंदोलन झालं. लाठ्या चालल्या, दाजी फणशांवर वॉरंट निघालं, आणि अकरा दिवस ते एका गरीब घराच्या माळ्यावर लपले. त्या घरच्या बाईनं स्वतः अर्धपोटी राहून त्यांना भाकरी घातली. "त्या माउलीच्या भाकरीवर मी आजवर उभा आहे," असं म्हणून साहेब थांबत, चष्मा काढत, आणि सभेतल्या बाया पदर डोळ्यांना लावत. नऊ निवडणुका या भाकरीवर निघाल्या.

भाकरी खरी होती. ती बायजा गोविंदा मढवीनं भाजली होती, तानाजीच्या आईनं. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला टेकलेल्या शेवारपाड्यात. दिवसभर मिठागरावर मीठ ओढून आल्यावर ती तांदळाची भाकरी करायची, वर भाजलेलं सुकट ठेवायची आणि ताट माळ्यावर सरकवायची. सातव्या दिवशी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, गोविंदाला, वाटेत गाठून उचलून नेलं. दोन रात्री कोठडीत ठेवलं आणि कानाखाली इतकं मारलं की डाव्या कानानं त्याला पुढं मरेपर्यंत ऐकू आलं नाही. तो बोलला नाही. माळ्यावरचा माणूस शाबूत राहिला. हा कान भाषणात कधीच आला नाही. भाकरीला टाळी मिळते, कानाला कोण देणार?

बाराव्या दिवशी माळ्यावरून उतरताना दाजी फणसे बायजाच्या पाया पडले होते. "आई, तुझं नाव मी विसरणार नाही," म्हणाले होते. आणि एकोणीस वर्षांच्या तानाजीला म्हणाले होते, "चल माझ्याबरोबर."

तेव्हापासून बायजा वाट पाहत होती. तिनं कधी नळ मागितला नाही, नोकरी मागितली नाही. गोविंदाच्या कानाचीही भरपाई मागितली नाही. दर सभेनंतर तानाजी घरी आला की चुलीपुढून, आणि पुढं गॅसपुढून, तिचा एकच प्रश्न असायचा.

"त्याना माजा नाव घेतला क?"

"माउली म्हणाले गं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"माउली तर धा हज्जार हायत. नाव घेतला क?"

"पुढच्या टायमाला घेतील."

आता इथं तानाजीच्या खात्यावरही एक गोष्ट आहे आणि ती लपवून चालणार नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी खडवलीला सभा होती. मैदान अर्धं रिकामं, लोक थंड, साहेब चाचपडत होते. तेव्हा तानाजीनंच मागून सांगितलं होतं, "साहेब, माउली इथलीच म्हणा." साहेबांनी तसं म्हटलं, आणि मैदान उभं राहिलं! चार म्हाताऱ्या तर स्टेजपाशी येऊन, ती बाई आमच्याच आळीतली, असं सांगू लागल्या. त्या दिवसापासून माउली जिथं सभा तिथं राहायला जाऊ लागली. कधी टिटवाळ्याला, कधी मुरबाडकडे. पण खडवली साहेबांच्या तोंडात बसली ती बसलीच. तानाजीला तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आपण आईचं बिऱ्हाड हलवतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

यंदा साहेबांची पंचाहत्तरी. अमृतमहोत्सवी समिती, गौरवग्रंथ, तीनशे वीस पानं, आर्ट पेपर. ग्रंथाचं काम मुंबईच्या एका एजन्सीच्या प्रियांकाकडे होतं. हुशार, झपाटून काम करणारी, सगळ्यांना काका-मामा म्हणणारी पोरगी. 'अकरा दिवस' नावाच्या प्रकरणाचे कागद तपासायला आले, तेव्हा तानाजीनं समासात स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, 'ही माउली म्हणजे शेवारपाड्याच्या बायजा गोविंदा मढवी.' एकोणचाळीस वर्षांत त्यानं स्वतःसाठी केलेलं हे पहिलं काम.

दोन दिवसांनी प्रियांकानं त्याला बोलावलं. ओळीवर लाल रेघ होती.

"काका, सॉलिड माहिती आहे ही. पण काढतेय. चालेल ना?"

"का? चूक आहे का?"

"चूक नाही हो. बघा, नाव घातलं की ती एका गावाची होते, एका समाजाची होते. नाव नसलं की अख्ख्या मतदारसंघाची. प्रत्येकीला वाटतं, माझी आई अशीच होती. कनेक्ट होतं." मग तिनं त्या ओळीवर पुन्हा नजर टाकली. "मढवी म्हणजे तुमच्या नात्यातल्या?"

तानाजीच्या ओठावर आलं होतं. एका शब्दानं ती ओळ परत आली असती. पण ज्यानं आयुष्यभर दुनियेचे वशिले लावले, त्याला आईच्या नावाला वशिला लावायची लाज वाटली. ज्यानं भाकरी खाल्ली त्याला आठवू दे की! आपण का आठवण करून द्यायची?

"गावातल्या," तो म्हणाला.

"बघा ना, आणि पुढच्या पानावर खडवली आहे. शेवारपाडा घातला तर क्लॅश होईल."

त्या आठवड्यात बायजा अंथरुणाला खिळली. ब्याऐंशी वर्षांचं शरीर, मिठानं खाल्लेले पाय. उशाशी बसलेल्या तानाजीला तिनं विचारलं, "बुकात छापला क?"

"छापतायत," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात."

"दावशील?"

"आला की पहिला तुला."

तानाजी आयुष्यात खूप खोटं बोलला होता, पण ते सगळं साहेबांच्या वतीनं. हे पहिलंच स्वतःचं. ते ऐकून बायजा समाधानानं कुशीवर वळली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेब सांत्वनाला आले. सात गाड्या, दोन कॅमेरे, चार माजी नगरसेवक. तानाजीच्या घरी ते गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदाच येत होते. गाडी त्याला नाक्यावर घ्यायची आणि नाक्यावरच सोडायची. जुनं कौलारू घर पडून तिथं चार मजली 'मढवी निवास' उभं राहिलं होतं, माळा गेला होता, अंगणाचं पार्किंग झालं होतं. साहेबांना घर ओळखता आलं नाही यात त्यांचा दोष नाही. दोष पुढं आहे.

खालच्या मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. एका भिंतीशी पुरुष, दुसऱ्या भिंतीशी बाया. मधे पाटावर बायजाचा फोटो, नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू, हा गोविंदा जिवंत असतानाचा. तानाजी खांद्यावर पंचा टाकून कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. सुतकातला माणूस. तो आज कोणाच्याही मागे उभा राहू शकत नव्हता.

साहेबांनी फोटोला हार घातला, हात जोडले आणि खुर्चीवर बसले. फोटोकडे त्यांनी नीट पाहिलं. तानाजी त्यांच्याकडे पाहत होता. नथीकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं. अकरा दिवस दोन वेळा ही बाई माळ्याच्या शिडीवर चढून ताट देत होती. बावीस वेळा तो चेहरा त्या फटीत उगवला असेल. एवढं पुरायला नको?

आज तानाजीच्या जागी साहेबांच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या प्रियांकानं टॅबवर बघून हळूच सांगितलं, "मदर. एटी-टू. वार्धक्य."

साहेबांनी चष्मा काढला. चष्मा कधी निघतो ते तानाजीला माहीत होतं.

"तानाजी," साहेब भरल्या आवाजात म्हणाले, "आई जाते म्हणजे काय, ते मला विचार. मला दोन आया. एक जन्म देणारी, ती लहानपणीच गेली. आणि दुसरी, ती खडवलीची माउली. शहाऐंशी सालची गोष्ट. पोलीस माझ्या मागावर..."

खोलीतल्या साठ-सत्तर माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी त्या अकरा दिवसांत पाड्याच्या तोंडाशी पहारा दिला होता. कोणी पोलिसांना चुकीची वाट दाखवली होती, कोणी सुकट पोचवलं होतं. ही माणसं आपल्याच घरातली, आपल्याच समोर घडलेली गोष्ट ऐकत होती, आणि ती खडवलीला घडत होती. माजी नगरसेवक माना डोलवत होते. कॅमेरा चालू होता. ज्या बाईची भाकरी, तिच्याच फोटोपुढं, तिच्याच घरात, तिच्याच पोराला तो माणूस तिची गोष्ट परकी करून सांगत होता! आणि डोळ्यांत पाणी खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"...स्वतः उपाशी राहून तिनं मला घास भरवला. त्या भाकरीवर मी आजवर उभा आहे."

बायांच्या बाजूनं आवाज आला. "कंच्या गावची?"

तुळसाआत्या. गोविंदाची धाकटी बहीण, पंचाहत्तरीची, अजून पाटीभर मासळी डोक्यावर पेलणारी.

"खडवलीची, आजी," साहेब म्हणाले.

"तिचा नाव काय होता?"

साहेबांचं तोंड उघडलं. आणि मग जे झालं ते खोलीतल्या प्रत्येकानं पाहिलं. त्यांची मान डावीकडे, अर्ध्या हातावर मागे वळली. तिथं टॅब होता. लाल रेघेखालचं नाव प्रियांका केव्हाच विसरली होती, तिनं खांदे उडवले. मग ती मान कोपऱ्यात, जमिनीवर बसलेल्या तानाजीकडे वळली, आणि साहेबांच्या उजव्या भुवईनं हलकेच वर उडी घेतली. हजारो मांडवांत त्या भुवईचा अर्थ एकच होता. नाव सांग.

नाव तानाजीच्या जिभेवर होतं. आईनं एकोणचाळीस वर्षं जे मागितलं ते आता एका कुजबुजीच्या अंतरावर होतं. सांगितलं की साहेब उठतील, फोटोपुढं लोटांगण घालतील, कॅमेरे पुढं सरकतील. उद्याच्या सगळ्या पेपरांत बायजा गोविंदा मढवी, ग्रंथात वेगळं पान, चौकाला नाव. साहेब इतके सुंदर रडतील की स्वतः तानाजीलाही खरं वाटेल. अगदी जांभळ्या शर्टाच्या गुडघ्यासारखं.

तिथंच तो अडला. आईचं नाव त्या गुडघ्याच्या रांगेत बसवायचं? मालूआजीच्या पडण्याच्या शेजारी? हजारो नावं त्यानं त्या कानात ओतली, त्यातलं एक तरी आत मुरलं का? सहा मिनिटांत सगळी सांडून गेली.

तानाजीनं खाली सतरंजीकडे पाहिलं.

साहेबांची भुवई आणखी एकदा उडाली आणि खाली आली. पण पंचाहत्तर वर्षांचा मुरलेला माणूस तो. चष्मा परत घातला, हसले आणि म्हणाले, "आजी, मायेला नाव नसतं."

"वा!" एक माजी नगरसेवक न राहवून म्हणाला.

"नसतं क?" तुळसाआत्या उठून उभीच राहिली. "मंग रेशनकार्डाव काय लिवतान? मायेला नाव नाय, मायेला गाव नाय, भाकर तेवरी बरी ध्यानात रायली रं तुज्या! आनि माजे भावाचा कान..."

"आत्या," तानाजी म्हणाला. "बस."

"मना गप करतंस? त्याला नको गप करू तू!"

"आत्या, त्यांना नाय माहीत. राहू दे. आपल्याला माहिताय ना?"

आत्या बसली, पण पदर तोंडात कोंबून. साहेबांना बोलण्याचा रोख कळला नाही, पण म्हातारीचा पारा चढलाय एवढं कळलं. त्यांनी प्रियांकाला खुणावलं. कॅमेरा बंद झाला. हात जोडून ते उठले.

गाडीपर्यंत पोचवायला तानाजी गेला. सुतकातल्या माणसानं तसं जायचं नसतं, पण पाय सवयीनं निघाले. गाडीत बसल्यावर साहेबांनी काच अर्धी खाली घेतली.

"म्हातारी भडकली का रे? कोण ती?"

"आत्या माझी."

"औषध वगैरे चालू आहे का तिला? बघ हो. आणि ऐक, सुतक कधी फिटतंय? सोळा तारखेला चौदा हळदी आहेत. ही पोरगी चांगली आहे, पण काल तिनं मला वरबापाच्या जागी आचाऱ्याला शाल घालायला लावली."

"साहेब," तानाजी म्हणाला, "ती माउली खडवलीची नव्हती."

"हं?"

"खडवलीची नव्हती ती."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर तानाजीला वाटलं, आता काहीतरी हलेल. एखादी शिडी, एखादी फट, भाजलेल्या सुकटाचा वास.

"नसेल रे," साहेब म्हणाले. "तुला काय एवढं पडलंय? मग कुठली होती?"

"तुम्ही आठवा."

साहेब मोठ्यांदा हसले. "अरे वेड्या, आठवायचं काम माझं कधीपासून झालं? त्यासाठी तू आहेस ना!" आणि काच वर गेली.

सातही गाड्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तानाजी पार्किंगमध्ये उभा होता. त्याची बायको नंदा आतून आली.

"का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "सासूबाईंचा जीव अडकलेला त्याच्यात. एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? तुमचं हे नेहमीचं. दुसऱ्याच्या पोराच्या ॲडमिशनला मंत्रालय हलवता, आणि घरच्याला तोंड उघडत नाय."

"माझं सांगून झालं असतं, नंदा. त्याचं आठवून झालं नसतं."

"आईंना काय फरक पडला असता?"

आईला कदाचित काहीच फरक पडला नसता. ती खूश झाली असती, शेजारणींना सांगत सुटली असती. हा फरक त्याला एकट्याला पडला होता, तोही इतक्या उशिरा, आणि उशीर झाल्याचा राग त्याला साहेबांइतकाच स्वतःवर आला होता. खडवलीच्या मैदानावर मागून वाकलेलं तोंड कोणाचं होतं?

सोळा तारीख उजाडली. तेरावा होऊन गेला होता. संध्याकाळी सहापासून त्याच्या मोबाइलवर फोटो येऊ लागले. भगवा फेटा घातलेला एक माणूस, खाली 'काका नाव???' काठीवाला म्हातारा, 'काका अर्जंट'. नऊवारीतल्या दोघी, 'यातली मुलाची आई कोण, साहेब समोर उभे आहेत प्लीज'. फोटोतला प्रत्येक चेहरा तानाजीला नावानिशी, दुखण्यानिशी ओळखू येत होता. भगव्या फेट्याला साखर होती. काठीवाल्याचा मुलगा दुबईला होता. तानाजीनं फोन पालथा घातला आणि तुळसाआत्यासाठी चहा ठेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महापालिकेच्या मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेला. त्यानं आजवर किमान हजार लोकांचे दाखले एका फोनवर घरपोच करून दिले होते. आज टोकन घेतलं, चौतीस नंबर. पावणेदोन तास लाकडी बाकावर बसला. आतल्या शिपायानं त्याला ओळखलं, धावत बाहेर आला.

"मढवीसाहेब, तुम्ही लाइनीत? अहो, आत चला, चहा घ्या, पाच मिनिटांत करून देतो."

"आज माझं स्वतःचं काम आहे," तानाजी म्हणाला. शिपायाला हे उत्तर कळलं नाही. तो डोकं खाजवत गेला.

खिडकीपलीकडे रुपाली नावाची कारकून होती. गळ्यात ओळखपत्र, डोळे पडद्यावर.

"डॉक्टरचा दाखला? स्मशानाची पावती? आधार? दोघांचं द्या." तिची बोटं चालू झाली. "मृत व्यक्तीचं तुम्ही कोण?"

"मुलगा."

"वय?"

"माझं?"

"त्यांचं, काका."

"ब्याऐंशी."

"व्यवसाय... गृहिणी टाकते."

"नाही. मिठागरावर होती. सव्वीस वर्षं."

"मिठागर नाहीये यादीत. गृहिणी, नोकरी, शेती, मजूर, इतर."

"मजूर टाका."

"नक्की? लोकं गृहिणीच टाकतात. नोंदीत बरं दिसतं."

"मजूर."

रुपालीनं पहिल्यांदा मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि मजूर टाकलं. मग पडदा थोडा स्वतःकडे ओढून घेत म्हणाली, "आता वाचून दाखवते, नीट ऐका. नंतर चूक निघाली तर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. बायजा गोविंदा मढवी. राहणार शेवारपाडा, डोंबिवली पश्चिम. बरोबर?"

तानाजी काचेच्या आणखी जवळ सरकला.

"काका, बरोबर आहे ना?"

"परत एकदा वाचता?"

मागून कोणीतरी "चला हो, चला" म्हणालं. डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि मधे काच होती, म्हणून रुपालीनं या वेळी आवाज चढवला, एकेक शब्द सुटा करून.

"बायजा. गोविंदा. मढवी."

ते रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.